चौदा काळ्या सळया

भानूनाना कुणाच्याही घरात शिरण्याआधी वर बघायचे. मग कमरेचा आकडा काढायचे, दारावरच्या छज्ज्याला खालून दोन ठोके द्यायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि मगच उंबरा ओलांडायचे. सोबत कुणी असलं तर त्याला आडवा हात करून थांबवायचे. ऐकून झालं की म्हणायचे, "जा." 'या' नाही, 'चला' नाही. "जा." एवढा एकच शब्द, पण तो ऐकल्याशिवाय त्यांच्या बायकोलासुद्धा पुढं जाता यायचं नाही. गयाकाकू बाजाराच्या पिशव्या घेऊन स्वतःच्याच दारात उन्हात उभी राहायची आणि म्हणायची, "आवो, आपलंच घर हाय. सकाळी बी ठोकलं होतं."

"सकाळचं सकाळी," नाना म्हणायचे.

तो आकडा म्हणजे सळया तारेनं बांधताना तार पिळायचं हत्यार. त्याची लाकडी मूठ इतकी झिजली होती की ती दुसऱ्या कुणाच्या हातात नीट बसायची नाही. इमारतीचं लोखंड बांधणं हा नानांचा धंदा. भिंती, रंग, फरशा लोकांना दिसतात. नानांचं काम स्लॅब भरला की कायमचं झाकलं जायचं. "माझं काम बघायचं आसंल तर घर पडावं लागतं," असं ते म्हणायचे. हे ते आधी हसत म्हणायचे. नंतर नंतर हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

मी त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं बिगारी होते. चिकलठाण्याच्या पुढं आमची वस्ती, आणि त्यांचं घर आमच्यापासून चार दारं सोडून. दोघांचीही घराणी मूळची पाचोडकडची, मेंढरांमागं फिरणारी. माझ्या वडिलांनी मेंढरं विकली तेव्हा मी चौथीत होते, शाळा तिथंच सुटली. नानांचं बालपण सगळं कळपात गेलं होतं आणि ते त्यांच्या अंगातून कधी गेलं नाही. ट्रकमधून सळया उतरल्या की ते आकड्यानं एकेकीला हात लावल्यासारखं करत मोजायचे, ओठ न हलवता. वाकलेली सळई दिसली की म्हणायचे, "हे लंगडं बाजूला काढा." शंभर मेंढरांत कुठलं खोकलं हे त्यांचे वडील पाठमोरे उभे राहून सांगायचे म्हणे. नानांनी तो कान घेतला होता, पण खोकणारं जनावर राहिलं नव्हतं, म्हणून ते भिंतींना ठोकायचे.

एकदा पाचोडला एका लग्नात पंगत बसली होती. नानांनी सवयीनं पाठीमागच्या खांबाला आकडा लावला आणि पान सोडून उठले. "ह्या खांबाच्या पोटात काय तरी पोकळ हाय. पंगत तिकडं घ्या."

कार्यालयाचा माणूस हात जोडत आला. "नाना, जेवायला आलात का खांब तपासायला?"

"जेवायलाच आलो. पण जेवून घरी जायचंय."

सगळी पंगत हसली. गयाकाकूनं पदर तोंडाला लावला. शेवटी दहा-बारा पानं हलवली. महिन्याभरानं त्या खांबाचा नुसता गिलावा गळाला, आत काही झालं नव्हतं. लोकांनी नानांना पुष्कळ दिवस चिडवलं. नाना म्हणाले, "गिलावा पडला ना? मंग मी काय म्हणलो होतो?" पण कानशिलं लाल झाली होती.

हे सगळं टाकीच्या आधीचं.

आमच्या वस्तीला पाण्याची उंच टाकी बांधायचं ठरलं ते दुष्काळाचं साल होतं. टँकरचं पाणी प्यायलाच पुरत नव्हतं, म्हणून बांधकामाला बोअरचं पाणी घ्यायचं ठरलं. ते पाणी इतकं खारं की त्यात भांडं बुडवून वाळवलं तर अंगावर पांढरी खपली धरायची. साहेब तरुण होता, नवीनच नोकरीला लागलेला, पण हुशार. तो म्हणाला, खाऱ्या पाण्यानं आतली सळई लवकर गंजते, म्हणून इथं जस्ताचा मुलामा दिलेल्या सळया वापरायच्या. आम्ही तोवर जस्ती बादल्या पाहिल्या होत्या, जस्ती पत्रे पाहिले होते. जस्ती सळई पहिल्यांदाच पाहिली. ट्रकमधून उतरल्या तेव्हा उन्हात डोळे दिपत होते. साहेबानं बजावलं, ह्यांना दगडावरून ओढायचं नाही, खरवडतील. आम्ही बायकांनी त्या खांद्यावर गोधडीचे तुकडे टाकून वाहिल्या.

सळई कापली की तोंडाशी काळं लोखंड उघडं पडतं. तिथं लावायला साहेबानं करड्या रंगाचा एक डबा दिला होता. "यातही जस्तच आहे," तो म्हणाला. "फक्त कापलेल्या तोंडाला लावायचं."

नाना त्या सळयांच्या प्रेमातच पडले होते. त्यांनी एक दिवस काचेच्या ग्लासात सिमेंट कालवलं, ते खाली बसू दिलं आणि वरच्या नितळ पाण्यात जस्ती खिळा सोडला. थोड्या वेळानं खिळ्याच्या अंगावरून बारीक बुडबुडे सुटायला लागले. नानांनी सगळ्या बायकांना बोलावून दाखवलं. "बघा, दम टाकती. पहिल्या दिवशी सिमेंट तिला चावतं. मंग तिच्यावर साय धरती आन् ती निवांत होती." साहेबानं त्यांना हे सांगितलं होतं, पण नाना ते अशा तोऱ्यात सांगत होते की जणू खिळा त्यांनीच जन्माला घातला.

टाकी चढत गेली. वरती टाकीच्या भोवतीनं गोल गॅलरी होती, माणसाला फिरून दुरुस्ती करता यावी म्हणून. गॅलरीचं लोखंड बांधायला घेतलं आणि चौदा पांढऱ्या सळया कमी पडल्या. येणारा ट्रक आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काँक्रीट कालवायचं मशीन येणार होतं, वीस माणसं सांगून ठेवलेली होती, नऊ वाजता साहेब तपासायला येणार होता. नाना दुपारभर सळयांच्या ढिगावर बसून होते. पायाच्या कामातल्या साध्या, काळ्या सळया कोपऱ्यात पडल्या होत्या. चार वाजता ते उठले.

"कौसे, तो तोंडाला लावायचा डबा आण."

मी आणला. त्यांनी तो हातात धरून फिरवला. "साहेब म्हणला ना, ह्यात बी जस्तच हाय? मंग तोंडाला चालतंय तर अंगाला का नाय चालणार?"

ते मला फसवत नव्हते. खरंच विचारत होते. मी म्हणाले, "मला काय कळतंय नाना."

"मला तरी कुठं कळतंय," ते म्हणाले आणि वर चढून गेले.

चौदा काळ्या सळया मी रंगवल्या. पोत्याच्या तुकड्यानं, खाली उकिडवी बसून. सेंटरिंगच्या फळ्या ठोकणारे युनूसभाई वरून ओरडले, "क्या नाना, मेंढरं समझे क्या इनको? रंग लगाके अपने कळप में ले रहे?" मेंढरांवर आपापल्या खुणेचा रंग टाकतात, त्यावरून. सगळे हसले. नानाही हसले.

नऊ सळया झाल्या आणि डबा संपत आला. नाना वर होते, खालून हाक मारली असती तर सगळ्यांनी ऐकलं असतं. मला माणसांत मोठ्यानं बोलायला आधीपासून जड जातं. मी माझ्या खोपीत गेले, स्टोव्हमधलं रॉकेल आणलं, डब्याच्या तळाला ओतलं आणि काडीनं ढवळलं. रंग ताकासारखा पातळ झाला. त्यात उरलेल्या पाच सळया झाल्या. ओल्या असताना त्या बाकीच्यांपेक्षा जास्त चमकत होत्या. वाळल्यावर हात लावला तर बोटाला करडी पूड यायची. मी हात साडीला पुसला आणि कुणाला काही बोलले नाही.

सकाळी साहेब आला, गॅलरीवरून नजर फिरवली आणि "छान" म्हणाला. नाना खाली बघत होते. दुपारपर्यंत सगळं काँक्रीटखाली गेलं. माणसं पांगल्यावर नानांनी गॅलरीच्या कडेच्या फळीला कान लावला. बराच वेळ तसेच उभे होते.

"दम टाकतायत," ते म्हणाले.

"पांढऱ्या?" मी विचारलं.

"सगळ्याच."

दोन वर्षांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका कामावर तोच साहेब भेटला. तिथंही जस्ती सळया होत्या. तो सगळ्यांना गोळा करून सांगत होता की पांढरी आणि काळी सळई एकत्र बांधायची नाही. एकमेकींना लागल्या की पांढरी काळीला वाचवायला जाते, आपलं जस्त तिच्यासाठी खर्च करते आणि लवकर संपते. मग दोघीही जातात.

नानांनी विचारलं, "काळीला तो तोंडाचा रंग दिला तर?"

"तो तोंडापुरता असतो, नाना. अख्ख्या सळईला दिला तर तार पिळतानाच खरवडतो."

"आन् आत काय झालं ते कळतं कसं?"

"लवकर कळत नाही. काळी गंजली की फुगते, काँक्रीट फोडते. जस्त तसं फुगत नाही. गुपचूप जातं."

त्या दिवशी नानांनी जेवणाचा डबा उघडला नाही. परत येताना रिक्षात ते माझ्या शेजारी बसले होते. चिकलठाण्याच्या विमानतळाच्या भिंतीजवळ आल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "कौसे, रंग चांगला लावला होता ना?"

"व्हय नाना," मी म्हणाले.

हा प्रश्न त्यांनी पुढं मला किती वेळा विचारला असेल, सांगता येत नाही. पाणी भरताना, दळण नेताना, एखाद्याच्या बारशात. "रंग चांगला लावला होता ना?" आणि दर वेळी मी म्हणायचे, "व्हय नाना." ते मान हलवायचे आणि पुढं जायचे.

त्याच महिन्यात नानांनी आपल्या दाराशी डबा मांडला. तेलाचा चौकोनी पत्र्याचा डबा घेतला, त्यात दोन पांढऱ्या सळया आणि एक रंगवलेली काळी तारेनं बांधून उभी केली, बोअरच्या पाण्यात काँक्रीट कालवून डबा भरला. घट्ट झाल्यावर पत्रा सोलून काढला. तो ठोकळा दाराच्या डाव्या बाजूला विटेवर बसला. दर सोमवारी नाना त्यावर खाऱ्या पाण्याची कळशी ओतायचे, मग तो आठवडाभर उन्हात वाळायचा. "टाकीपरीस हा दोन वर्षांनी लहान हाय," ते म्हणायचे. "पण ह्याच्या पोटात जे चाललंय तेच तिच्या पोटात चाललंय." ठोकळा झाला तरी सगळे त्याला डबाच म्हणायचे. वस्तीतली माणसं त्याला नानाचा देव म्हणायची. युनूसभाई आले की विचारायचे, "नाना, आज अभिषेक हो गया क्या?"

मला मात्र त्या डब्याकडं बघवायचं नाही. मला वाटायचं, त्यातल्या सळईला नानांनी नव्या डब्यातला घट्ट रंग दिला असणार. माझ्या पाच सळयांसारखा ताकासारखा नाही. म्हणजे हा ठोकळा कितीही दिवस स्वच्छ राहिला तरी त्यावरून टाकीचं काही कळणार नाही. नाना चुकीच्या नाडीवर बोट ठेवून बसले होते आणि बरोबर नाडी कुठं आहे ते फक्त मला माहीत होतं.

एका सकाळी त्या ठोकळ्याच्या माथ्यावरून तांबडा ओघळ आलेला दिसला. नाना तसेच, अनवाणी, टाकीकडं धावले. मीही मागं गेले. टाकीखाली नळाला बायकांची रांग होती. नाना ओरडायला लागले, "सरका! खालून सरका!" बायका हंडे सोडून पळाल्या, एकीचा पाय मुरगळला. वर पाहिलं तर गॅलरी होती तशीच, कोरडी, करडी. घरी येऊन नानांनी बोट लावून पाहिलं. कुंकू होतं. आदल्या दिवशी पुनव होती, गयाकाकूनं ठोकळ्याला हळदकुंकू वाहिलं होतं आणि दवानं ते ओघळलं होतं.

"सगळं गाव त्याला देव म्हणतंय," गयाकाकू रडकुंडीला आली, "मंग वाहिलं दोन बोटं, काय बिघडलं?"

नानांनी तो ठोकळा तीनदा धुतला, नारळाच्या काथ्यानं घासला. तेव्हापासून त्याच्यावर तांबडं काही पडू नये म्हणून ते दाराशी कुणाला पान खाऊन थुंकू द्यायचे नाहीत, मिरच्या वाळत घालू द्यायचे नाहीत.

वर्षं गेली. औरंगाबादचं संभाजीनगर झालं. नानांचं काम सुटलं, गुडघे गेले, पण रोज सकाळी टाकीला एक फेरी सुटली नाही. टाकीच्या सावलीत पत्र्याची अंगणवाडी झाली होती. खोली लहान, म्हणून बाई पोरांना खिचडी द्यायला बाहेर, गॅलरीच्या बरोबर खाली बसवायच्या, कारण दुपारची सावली तिथंच असायची. माझ्या मुलीची मुलगी, आरोही, तिथं जायला लागली.

हे लिहायला लाज वाटते, पण हे झालं आहे. मी आरोहीला शिकवलं होतं की बाहेर नाही बसायचं, खिचडी घेऊन आत भिंतीला टेकून बसायचं. "आजी, आत गरम हुतं," ती म्हणायची. मी म्हणायचे, "हुंदे." बाकीची अठरा-वीस लेकरं बाहेर बसायची. त्यांना मी काही सांगितलं नाही. त्यांना सांगायचं तर का ते सांगावं लागलं असतं.

मागच्या पावसाळ्यानंतर एकदा आरोहीला आणायला गेले आणि सवयीनं वर पाहिलं. गॅलरीच्या खालच्या अंगाला बोटभर लांबीची तांबडी रेघ होती. शेजारी केसासारखी चीर. मी आरोहीला घरी सोडलं आणि नानांकडं गेले. ते दारात बसून ठोकळ्याला भिंग लावून बघत होते. ठोकळा स्वच्छ होता.

"नाना, टाकीकडं चला."

"डब्याला तर काय नाय झालं."

"डब्याचं राहू द्या. गॅलरीचं बघा. पाण्याच्या पायपाच्या बाजूला. तिथं बघा."

त्या पाच सळया तिथंच होत्या. बांधताना मी खालून एकेक वर दिली होती, मला पक्कं आठवत होतं. नाना भिंग खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता विचारतील, तुला ती जागा कशी माहीत. त्यांनी विचारलं नाही. उठले, आकडा कमरेला लावला आणि आले.

दुसऱ्या दिवशी ते पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात गेले. मी सोबत गेले आणि दाराशी उभी राहिले. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"गॅलरीत चौदा सळया काळ्या हायेत. वरून रंग दिला आन् खपवल्या. जस्ती समजून तुम्ही निवांत हाय. खालून लेकरं उठवा आधी."

"कुणी रंग दिला?"

"मी."

"एकट्यानं? चौदा सळया?"

"एकट्यानं. दुसरं कुणी नव्हतं."

आतल्या माणसानं फोटो मागितला. नानांकडं साधा फोन होता. मग तो म्हणाला, "एवढी वर्षं झाली, आजोबा. एक रेघ दिसली म्हणून टाकी पाडायची का? अर्ज देऊन जा, कुणीतरी येऊन बघेल." नानांना लिहिता येत नव्हतं. अर्ज मी लिहिला. बाहेर बाकावर बसून, नाना सांगतील तसा. 'रंग मी दिला' असं त्यांनी सांगितलं, आणि मी माझ्या हातानं लिहिलं, 'रंग मी दिला', आणि खाली त्यांचा अंगठा उमटला.

पंधरा दिवस कुणी आलं नाही. नानांनी गॅलरीखाली चार काठ्या रोवून दोरी बांधली. पोरांनी दोरीवरून उड्या मारल्या. अंगणवाडीच्या बाईंनी ती सोडून ठेवली. "नाना, मागं कुंकवाला भिऊन अख्खी वस्ती पळवली होती तुम्ही. माझ्या पायाला अजून कळ येती."

नानांनी चारही काठ्या उपटल्या. दोरी गुंडाळून घरी आले. तो शनिवार होता.

रविवारी अंगणवाडी बंद असते. सकाळी नऊच्या सुमारास टाकीकडून टक् टक् आवाज यायला लागला. मी धावत गेले. सत्तरीचा माणूस, गुडघे गेलेला, शिडीनं वर गॅलरीत पोचला होता. पालथा झोपून, हात कठड्याखालून बाहेर काढून तो खालच्या अंगाला हातोडीनं ठोके देत होता. बरोबर पायपाच्या बाजूला. खाली माणसं जमली, शिव्या द्यायला लागली. "नाना, खाली उतरा!" "म्हातारं येडं झालं!" गयाकाकू ऊर बडवत होती. मी काही ओरडले नाही. मी दोन्ही हात पसरून माणसांना मागं ढकलत होते. माझ्यात तेवढं बळ कुठून आलं, ठाऊक नाही.

वरून नाना ठोकायचे आणि थांबून ऐकायचे. ठोकायचे आणि ऐकायचे. मग एक ठोका असा आला की खाली आम्हालाही कळलं, आत काही उरलेलं नाही. परातीएवढा तुकडा सुटला आणि खाली आपटला. पोरं खिचडीला बसतात तिथंच. जमिनीवर रोजच्या सांडलेल्या भाताचे डाग होते, ते त्याच्याखाली गेले.

 वर सळया उघड्या पडल्या होत्या. काही तांबड्या, सोलून निघालेल्या, आणि त्यांना बांधलेल्या पांढऱ्यांवर राखेसारखी पूड. नानांनी त्या पुडीनं माखलेलं बोट पुढं धरून ऑफिसच्या माणसाला दाखवावं तसं सगळ्यांना दाखवलं. मग त्यांची नजर माझ्यावर आली. त्यांनी हातानं खूण केली, मागं हो, अजून मागं.

मग सगळे आले. मोजमापं झाली, फोटो झाले. अंगणवाडी देवळाच्या सभामंडपात हलली. गॅलरी मशीन लावून उतरवली. नानांचा जबाब झाला, त्यातही त्यांनी तेच सांगितलं, एकट्यानं. वस्तीत कुणी म्हणालं लेकरं वाचवली, कुणी म्हणालं आधी पाप केलं मग वाचवली. नाना दोन्ही ऐकून घ्यायचे. त्या रविवारी छातीत भरलेली धूळ मात्र गेली नाही. थंडीत ते अंथरुणाला लागले.

मी भेटायला गेले तेव्हा दुपार होती. ते भिंतीकडंच्या खाटेवर होते, उशाशी आकडा. मी जमिनीवर बसले. मला सांगायचं होतं. घरून शब्द जुळवून गेले होते. पण गयाकाकूच बोलत होती, चहा करता करता, दाराशी असलेल्या ठोकळ्याविषयी.

"आता तरी फेकून देऊ का ते धोंड? इतकी वर्षं त्याची सेवा केली. तो भरला तवा माझ्या स्टोव्हमधलं सगळं रॉकेल ओतून नेलं ह्यांनी. म्हणे रंगात घालायचंय, पातळ करायचाय. मी म्हणलं, आवो, आख्खा डबा रंग हाय की नवा. तर म्हणे, नाय, तसाच पाहिजे. आठ दिवस चुलीवर सैपाक केला मी."

चहा उकळत होता. मी नानांकडं पाहिलं. ते माझ्याकडंच बघत होते.

म्हणजे त्यांना माहीत होतं. त्या संध्याकाळी सळया वर घेतानाच त्यांच्या हाताला तो वास लागला असणार. ठोकळ्यातल्या सळईला त्यांनी माझ्याच हातचा रंग दिला होता, ताकासारखा. नाडी बरोबर होती, फक्त टाकीच्या दोन वर्षं मागं. आणि एवढी वर्षं ते मला विचारत होते ते रंगाचं नव्हतंच.

"कौसे," ते म्हणाले. आवाज खोल गेला होता. "रंग चांगला लावला होता ना?"

"नाय, नाना," मी म्हणाले. "रॉकेल घातलं होतं. पाच सळयांना."

त्यांनी मान हलवली, जशी दर वेळी हलवायचे तशीच, आणि डोळे मिटले. गयाकाकूनं चहाची बशी पुढं केली. मी प्यायले की नाही, आठवत नाही.

निघायला उठले तसा त्यांनी आडवा हात केला. मी थांबले. त्यांनी उशाजवळचा आकडा चाचपून घेतला आणि पडल्या पडल्या भिंतीला दोन ठोके दिले. इतके हळू की बांगडी वाजावी. मग मान वळवून कान भिंतीला लावला.

मी दारात चपला हातात घेऊन उभी होते. नेहमी ते दोन श्वासांत सांगायचे. ते ऐकत राहिले. बाहेर पोरं खेळत होती, त्यांचा आवाज आत येत होता आणि नाना त्यातून काहीतरी वेगळं ऐकायचा प्रयत्न करत होते. कपाळाला आठी पडली होती. मी वाट पाहिली. उन्हाची तिरीप खाटेच्या एका पायावरून दुसऱ्या पायाकडं सरकली तरी त्यांचा कान भिंतीलाच होता.

शेवटी गयाकाकूनंच मला हातानं खुणावलं.

"जा" असं नाना म्हणाले नाहीत.